आठवड्याची गोळी रोज घेतली जाते तेव्हा: मेथोट्रेक्सेटची वारंवार घडणारी चूक

मेथोट्रेक्सेटची गोळी संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि तरीही ती रोज घेतली जाते. रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. प्रत्येक वेळी रुग्ण निराळा होता, चिठ्ठी निराळ्या हातची होती, दुकानही निराळे होते. घटना मात्र जवळजवळ त्याच क्रमाने घडत गेली होती. जी चूक इतक्या वेगवेगळ्या माणसांच्या हातून त्याच पद्धतीने होते, तिचे मूळ त्या माणसांच्या निष्काळजीपणात शोधून काही हाती लागत नाही, असे माझे मत झाले आहे. म्हणून ही चूक कोणत्या वाटेने शिरते, ती लवकर कशी ओळखावी, ओळखल्यावर पहिल्या काही तासांत काय करावे आणि ती पुन्हा होऊ नये यासाठी चिठ्ठीत, दुकानात, वॉर्डात व घरात काय बदलावे, हे इथे क्रमाने लिहीत आहे.

त्यांतील एक घटना अजून मनातून गेलेली नाही. साठी ओलांडलेल्या एका बाईंना आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिलेली होती. घरी त्यांनी मेथोट्रेक्सेट रोज सकाळी चहानंतर घेतले आणि फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा घेतले. म्हणजे ऐकलेल्या दोन्ही सूचना त्यांनी काटेकोरपणे पाळल्या होत्या, फक्त कोणती सूचना कोणत्या गोळीची हे उलटे झाले होते. नवव्या दिवशी तोंड आले आणि घास गिळता येईना, तेव्हा उष्णता वाढली असे समजून घरच्यांनी गुलकंद आणि बी-कॉम्प्लेक्स सुरू केले. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि त्यांना दाखल करावे लागले. रक्तातील पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली गेल्या होत्या. त्या वाचल्या, परंतु त्यांचा मुलगा पुढे कितीतरी दिवस एकच प्रश्न विचारत राहिला: आईचे चुकले का?

हे औषध आठवड्यातून एकदाच का?

पेशीला नवा डीएनए घडवण्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते (फॉलिक ॲसिड हे त्याचेच गोळीतले रूप), आणि ते वापरण्याजोग्या रूपात आणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, मेथोट्रेक्सेट बंद पाडते. गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले, आणि त्याच कामातून फोलेटला विरोध करणारी ही औषधेही पुढे आली. आपल्या भीमवरमच्या एका माणसाच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या या दोन रेणूंची आज आपल्याच घरांत अदलाबदल व्हावी, याची मला फार खंत वाटते.

जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागल्या जातात तिथे या औषधाचा फटका सर्वांत आधी बसतो: तोंडाचे आतले अस्तर, आतड्याचे अस्तर आणि हाडांतील रक्त तयार करणारी मज्जा. आठवड्यातून एकदा घेतलेल्या मात्रेचा मोठा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात आणि पुढील सहा दिवसांत या पेशींना सावरायला वेळ मिळतो. तेच १५ मिलिग्रॅम रोज घेतले तर आठवड्याला १०५ मिलिग्रॅम होतात. मात्र या वाढलेल्या बेरजेहूनही घातक ठरते ते पेशींची उसंत पूर्णपणे हिरावली जाणे. कर्करोगाच्या उपचारात हेच औषध कित्येक पटींनी अधिक मात्रेत देतात आणि रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर येतो, कारण तिथे ठरलेल्या वेळी उतारा दिला जातो आणि रक्तातील पातळी मोजली जाते. घरी रोज घेतलेल्या लहानशा गोळीवर असा कोणताही पहारा नसतो.

चूक कुठून शिरते

पहिली वाट चिठ्ठीतच असते. आपल्याकडे औषधाच्या वेळा १-०-१, १-०-० अशा लिहिण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की डॉक्टर, मेडिकलवाले आणि रुग्ण या तिघांनाही ती न सांगता कळते. परंतु या पद्धतीत सकाळ, दुपार आणि रात्र यांनाच जागा आहे, वाराला जागा नाही. त्यामुळे मेथोट्रेक्सेट लिहिताना डॉक्टर आधी १-०-० लिहितात आणि मग पुढे, बहुधा लहान अक्षरांत, आठवड्यातून एकदा असे जोडतात. वाचणाऱ्याची नजर पहिल्या तीन आकड्यांवरच थांबते, कारण इतर प्रत्येक ओळीत अर्थ तिथेच पूर्ण झालेला असतो. आठवड्यातून एकदा यासाठी ओडब्ल्यू असे संक्षेप लिहिले जातात तेव्हा ते ओडी असे वाचले जाण्याची शक्यता उघड आहे, आणि ओडीचा अर्थ तर रोज एकदा असाच होतो.

दुसरी वाट नावांची आणि रंगांची. फॉलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेटचे एक प्रचलित व्यापारी नाव आहे आणि फॉलव्हाइट हे फॉलिक ॲसिडचे. दोन्ही नावे एकाच उच्चाराने सुरू होतात, दोन्ही औषधे एकाच चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिली जातात आणि दोन्ही गोळ्या बहुधा लहान व पिवळसर असतात. शिवाय मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतात. मागच्या वेळी २.५ च्या चार गोळ्या घेणाऱ्याला या वेळी १० ची गोळी मिळाली आणि त्याने सवयीने चारच घेतल्या, तर वाराची चूक न होताही मात्रा चौपट होते.

तिसरी वाट दुकानात आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत दुर्लक्षित आहे. महिन्याला चारच गोळ्या लागतात म्हणून पट्टी कापून चार गोळ्या दिल्या जातात, आणि कापताना अनेकदा औषधाचे नाव, ताकद व वापराची अंतिम तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. रुग्णाच्या हाती पडतो तो चार पिवळ्या गोळ्यांचा निनावी तुकडा. तो ज्या कागदी पाकिटात घातला जातो त्यावर सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र छापलेले असतात, वार छापलेला नसतो. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मदतनीस सूर्यावर खूण करून पाकीट देतो, आणि आठवड्यातून एकदा ही सूचना फक्त तोंडी उरते. अनेक औषधे घेणाऱ्या वृद्ध माणसाला ती घरी पोहोचेपर्यंत आठवेलच असे धरून चालणे योग्य नाही.

चौथी वाट घरातली आहे. बहुतेकांच्या लेखी औषध म्हणजे रोज घेण्याची वस्तू. रक्तदाबाची गोळी रोज, मधुमेहाची रोज, थायरॉइडची रोज. त्यांत एखादीच आठवड्याची असते आणि ती त्याच डब्यात, त्याच चहाबरोबर त्याच हाताने उचलली जाते. आणखी एक कारण मी रुग्णांकडूनच ऐकले आहे: सांधे फार दुखले की ते या गोळीला वेदनाशामक समजून एखादी जास्त घेतात. हे औषध वेदनेवर त्याच दिवशी काम करत नाही, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलेच नसते. फॉलिक ॲसिडला ताकदीची गोळी म्हणण्याची पद्धतही घोटाळा वाढवते, कारण डब्यातील दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांतली ताकदीची कोणती हे त्या नावावरून कळत नाही.

पाचवी वाट रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळी उघडते. खुब्याचे हाड मोडले म्हणून आलेल्या रुग्णाच्या जुन्या चिठ्ठीवरून औषधांची यादी वॉर्डच्या तक्त्यावर उतरवली जाते, आणि त्या तक्त्यात प्रत्येक तारखेला एक रकाना असतो. मेथोट्रेक्सेटची ओळ एकदा त्यात गेली की रोजच्या रकान्यात सही करणे हे परिचारिकेचे कर्तव्यच ठरते. ज्या वॉर्डात संधिवाताचे रुग्ण क्वचितच येतात, तिथे ही ओळ खटकणारे कोणी हजर असेलच असे नाही.

बालकांच्या रक्ताच्या कर्करोगातही असाच एक सापळा आहे. देखभालीच्या उपचारात मरकॅप्टोप्युरीन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा दिले जाते. या दोन औषधांची अदलाबदल होऊ नये यासाठी पालकांना दोन्ही गोळ्या हातात देऊन, त्यांच्याच तोंडून वार वदवून घेणे आवश्यक आहे.

चूक झाली आहे हे कसे ओळखावे

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या व्यक्तीचे तोंड आले तर ती उष्णता आहे असे कधीही धरू नये. पहिला प्रश्न असा विचारावा की ही गोळी शेवटची कधी घेतली आणि त्याआधीची कधी. तोंडातील फोड, जुलाब, अंगावर किंवा हिरड्यांवर रक्ताचे डाग, विलक्षण थकवा आणि ताप ही लक्षणे सर्वसाधारणपणे याच मार्गाने येतात. कोरडा खोकला आणि धाप ही फुप्फुसांवरील परिणामाची खूण असू शकते, आणि ती मात्रा बरोबर असतानाही उद्भवू शकते.

घरी करता येण्याजोगी सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे गोळ्या मोजणे. बिलावरील तारीख आणि गोळ्यांची संख्या पाहावी, उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, आणि एका वेळच्या गोळ्यांच्या हिशेबाने तेवढे आठवडे गेले आहेत का ते पडताळावे. चार आठवड्यांच्या गोळ्या आठ दिवसांत संपल्या असतील तर आणखी कोणत्याही पुराव्याची गरज नाही.

मात्रा आणि वार दोन्ही बरोबर असूनही हीच लक्षणे दिसली, तर दुसऱ्या दिशेने शोध घ्यावा. लघवीची जळजळ किंवा दुसऱ्या एखाद्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल सुरू झाले आहे का, हे आधी पाहावे, कारण त्यातील ट्रायमेथोप्रिमही फोलेटच्याच मार्गावर आघात करते आणि दोन्ही मिळून मज्जा अक्षरशः थांबवू शकतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला कोट्रायमॉक्साझोल देऊ नये, हे प्रत्येक लहान दवाखान्यात माहीत असायला हवे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल, मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल किंवा वेदनाशामक गोळ्या मनाने वाढवल्या असतील, तरीही नेहमीची मात्रा शरीरात साचून राहते.

चूक सापडल्यावर पहिले काही तास

मेथोट्रेक्सेट तत्काळ थांबवावे आणि कोणतेही लक्षण नसले तरी त्याच दिवशी, आंतररुग्ण सोय असलेल्या रुग्णालयात जावे. मज्जेवरचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे आज पेशींची संख्या ठीक आली म्हणून घरी परतणे धोक्याचे ठरू शकते. जाताना चिठ्ठी, पाकीट, पट्टीचे तुकडे आणि बिल सोबत न्यावे, कारण किती दिवस किती गोळ्या गेल्या हा आकडा उपचार ठरवतो.

यावरील उतारा फोलिनिक ॲसिड आहे, ज्याला ल्यूकोव्होरिन असेही म्हणतात. नाव फॉलिक ॲसिडसारखे असले तरी दोन्ही एक नव्हेत, आणि या ठिकाणी तो फरक जीवनमरणाचा ठरतो. मेथोट्रेक्सेटने जे विकर बंद पाडलेले असते त्याच्याशिवाय फॉलिक ॲसिडचा उपयोग होऊ शकत नाही, तर फोलिनिक ॲसिड त्या बंद दारापलीकडूनच पेशीत कामाला लागते. म्हणून घरी फॉलिक ॲसिडच्या जास्त गोळ्या घेऊन वाट पाहणे म्हणजे वेळ दवडणे होय. ल्यूकोव्होरिन जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक, त्यामुळे रक्ताचे अहवाल येईपर्यंत ते अडवून ठेवू नये.

डॉक्टर मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. अशा रुग्णांत रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी नगण्य आली तरी विषबाधा नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण औषध पेशींच्या आत अडकून राहते आणि तिथेच आपले काम चालू ठेवते. पेशींची संख्या, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून, पेशी वर येईपर्यंत उतारा चालू ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर प्रतिजैविके त्याच तासात सुरू करावी लागतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

अनेक देशांनी या एका औषधावर स्वतंत्र सूचना काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये २००४ साली राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने इशारा दिला. २०१९ साली युरोपीय औषध संस्थेने वेष्टनावर ठळक स्मरणसूचना आणि रुग्णासाठी कार्ड सुचवले. २०२० साली ब्रिटनच्या नियामकांनी गोळीचा वार रुग्णाबरोबर ठरवून तो चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहिण्याचा सल्ला दिला. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था रुग्णालयांना असे सुचवते की संगणकात हे औषध निवडताच वारंवारता आपोआप आठवड्याची यावी आणि रोजची हवी असल्यास कर्करोगाचे कारण नोंदवल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. सूचना इतक्या वेळा काढाव्या लागल्या, यावरूनच ही चूक किती चिवट आहे हे कळते.

आपल्याकडे चिठ्ठी लिहिताना १-०-० ही पद्धत या औषधापुरती पूर्णपणे सोडून द्यावी. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सांगितले. त्यापुढे जाऊन मूळ नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये, गोळ्यांची संख्या, वार आणि कारण हे सारे एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ: मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅमची १ गोळी, फक्त बुधवारी रात्री जेवणानंतर, संधिवातासाठी, इतर कोणत्याही दिवशी नाही. कारण लिहिले म्हणजे दुकानदाराला चूक पकडण्याची संधी मिळते. संधिवातासाठी रोज असे वाचताच त्याने थांबायला हवे. फॉलिक ॲसिडचे वारही असेच लिहावेत आणि ते मेथोट्रेक्सेटच्या वारापेक्षा वेगळे ठेवावेत. एका रुग्णाला कायम एकाच ताकदीची गोळी द्यावी, आणि एका वेळी चार आठवड्यांहून अधिक देऊ नये, म्हणजे चूक झालीच तरी तिच्या हाती लागणारा साठा मर्यादित राहतो.

वार ठरवताना रुग्णाच्या आयुष्याकडे पाहावे. इंग्रजीत छापलेल्या लेबलवर मंडे हा शब्द मॉर्निंग असा वाचला जाऊन गोळी रोज सकाळी घेतली गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, म्हणून सोमवार टाळणे बरे. उपवासाचा वार नको, कारण पोटात अन्न नसताना मळमळ वाढते आणि गोळी पुढे ढकलली जाते. शनिवार-रविवार निवडला तर त्रास झाल्यावर नेहमीचे डॉक्टर भेटत नाहीत. ग्रामीण भागात मी आठवडी बाजाराचा वार सुचवते. तो कोणी विसरत नाही, आणि बाजाराच्या दिवसाची गोळी हे नाव घरातल्या सर्वांच्या तोंडी बसते. घरात एकाच माणसाने ही गोळी काढून द्यावी, ती रोजच्या डब्यापासून दूर ठेवावी आणि घेतल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेवर खूण करावी. वार चुकला तर दोन दिवसांच्या आत गोळी घेता येते; त्यानंतर ती सोडून पुढच्या ठरलेल्या वारीच घ्यावी, आणि दुप्पट कधीही घेऊ नये.

मेडिकल दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की या औषधाची पट्टी कापताना नाव आणि ताकद रुग्णाच्या तुकड्यावर राहील याची काळजी घ्यावी, चंद्र-सूर्याच्या पाकिटाऐवजी कोऱ्या पाकिटावर जाड अक्षरांत वार लिहावा आणि पाकीट हातात देण्याआधी रुग्णालाच विचारावे, ही कोणत्या वारी घ्यायची? समजले का, या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. वार विचारला की न समजलेले लगेच उघडे पडते, आणि त्याला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक नसतो.

वॉर्डात तक्त्यावर ही ओळ चढवतानाच आठवड्यातील उरलेले सहा रकाने आडव्या रेघेने बंद करावेत. रुग्णाला जंतुसंसर्ग, जुलाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दाखल असेपर्यंत औषध थांबवायचे का, हे उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना विचारून लेखी नोंदवावे. घरून आणलेला गोळ्यांचा डबा उशाशी राहिला तर एकच मात्रा दोनदा जाते, हेही मी पाहिले आहे. तो डबा ताब्यात घेऊन घरी जाताना परत द्यावा.

चूक घडली, अगदी रुग्ण बचावला तरीही, ती नोंदवली गेली पाहिजे. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या, गाझियाबादहून चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते, आणि रुग्णांसाठीचा नोंदणी अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. अर्जात काय झाले एवढेच न लिहिता चिठ्ठीत नेमके कसे लिहिले होते आणि पाकिटावर काय खूण होती हेही लिहावे. त्या बाईंच्या मुलाला मी त्याच्या आईचे पाकीट दाखवले होते. दोन पाकिटे होती, दोन्हींवर सूर्यावर खूण होती, आणि वार कुठल्याच पाकिटावर लिहिलेला नव्हता.